पान एकतीसवरची टिचकी

एनेस न्यामुंथालीला चुकीची भीती वाटे. म्झुझू शहरात तिला ओळखणारे लोक तिच्याविषयी पहिली गोष्ट हीच सांगत, आणि हसत सांगत. चुलीवरच्या भाजीत मीठ घातले की ती डबा दूर सारी आणि मोठ्याने म्हणे, "घातलं." तसे म्हटले नाही तर आपण पुन्हा घालू असे तिला वाटे. घराला कुलूप लावून वळणापर्यंत गेली की परत येई. शेजारणी विचारत, "काय न्यामुंथाली, कुलूप आहे का अजून तिथंच?"

"आहे बाई. पण पाहिलेलं बरं."

मुंथालींची लेक म्हणून न्यामुंथाली. लग्नानंतरही बाईचे तेच नाव चालते. नवरा जाऊन नऊ वर्षे झाली होती. मुलगी दूर झांबियात होती. एनेस चोपन्न वर्षांची होती, आणि घरात ती आणि तिची भीती अशा दोघीच राहत.

भीती टंकलेखनाच्या वर्गापासूनची. मिशनच्या शाळेत एक अक्षर चुकले की पूर्ण पान पुन्हा करावे लागे. मास्तरीणबाई चुकलेले पान फाडत नसत. ते भिंतीला लावत. एनेसचे एक पान तिथे चार महिने होते. त्यात 'मृत' ऐवजी दुसऱ्याच ओळीतला 'बरा' शब्द आला होता. नुसत्या सरावाच्या पत्रातला माणूस. तो खरा नव्हता. तरी रोज त्याच्यासमोरून वर्गात जाताना ती मान खाली घाली.

पुढे ती वीस वर्षे इस्पितळाच्या कचेरीत टंकलेखिका होती. मग कॉम्प्युटर आले. शिकवायला राजधानीतून एक माणूस आला. त्याने सांगितले, काहीही उघडायचे तर माउसवर दोनदा बोट मारायचे, पटापट. सगळ्या बायका टक-टक करू लागल्या. कुणाच्या दाराशी उभे राहून "ओडी, ओडी" अशी दोनदा हाक दिल्याशिवाय आत जायचे नाही, तसेच हे, असे त्यांना वाटले. माणूस परत गेला. सवय बोटांत राहिली. जिथे एकदाच मारायचे तिथेही बोट दोनदा पडू लागले.

एनेसने माउस कोंबडीचे पिलू धरावे तसा धरला होता. जोरात धरले तर मरेल, सैल धरले तर पळेल. तिने एका कागदावर लिहून ठेवले की कुठे एकदा, कुठे दोनदा. तो कागद इतर बायकांनी उतरवून घेतला. तिचे पुढचे काम त्या कागदातून निघाले.

खुंबो चिर्वा हा तिशीतला पोरगा इस्पितळांसाठी प्रोग्रॅम बनवत असे. बाजाराजवळ लोखंडी सामानाच्या दुकानावर त्याच्या तीन खोल्या होत्या. प्रोग्रॅम चांगले होते, पण त्यांची इंग्रजी पुस्तके कुणी उघडेना. त्याला तुंबुका भाषेत पुस्तक हवे होते. त्याने एनेसला बोलावले.

आधी कुणाकुणाकडून लिहून घेतलेले एक पुस्तक होते. तिने ते वाचले आणि तिला घाम आला. एका पानावर 'दाबा' होते, दुसऱ्यावर 'निवडा', तिसऱ्यावर 'ठोका', चौथ्यावर 'टिचकवा'. काम एकच, किंवा कदाचित नाही. लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

"मावशी, दाबा म्हणा नाहीतर ठोका म्हणा," खुंबो म्हणाला. "बोट तर एकच आहे."

"बोट एक. पण कामं चार. एकदा मारायचं, दोनदा मारायचं, दाबून धरायचं, ओढायचं. चार कामांना चार शब्द. पाचवा नको."

"आणि पाचवा आला तर काय आभाळ कोसळतंय?"

"पाचवा आला की माणूस अडतो. अडलेल्या माणसाचा हात सवयीनं चालतो. आणि इथल्या हातांची सवय तुला माहीत आहे."

"तुम्ही त्या माउसला एवढं घाबरता, मावशी. तुमच्या हातून पुस्तक पुरं व्हायचं कसं?"

"घाबरते म्हणूनच होईल."

तिने निळ्या पुठ्ठ्याची वही केली. त्यात चार शब्द: टिचकी, दुहेरी टिचकी, दाबून धरा, ओढा. प्रत्येकाखाली दोन ओळी. बोटाने काय करायचे, आणि पडद्यावर काय दिसायला हवे. 'दाबा' हा शब्द तिने हद्दपार केला. आणि स्वतःसाठी एक नियम केला. छापायला जाण्याआधी सबंध पुस्तक मोठ्याने वाचायचे, आणि वाचताना हात माउसवर ठेवायचा. पुस्तक जे सांगेल ते हाताने करायचे, आपल्या मनाचे काही करायचे नाही. कारण डोळे चूक सांभाळून घेतात. हात घेत नाही.

सात पुस्तके तिने अशी केली. आठवे औषधांच्या तक्त्याचे होते.

तक्ता साधा होता. पडद्यावर रोग्याचे नाव, पुढे औषध, त्यापुढे एक पांढरा चौकोन. औषध दिले की चौकोनावर एक टिचकी. चौकोन हिरवा होई आणि क्षणभराने पडदा आपोआप पुढच्या रोग्यावर सरके. चुकून हिरवा झाला तर पुन्हा एक टिचकी, म्हणजे परत पांढरा. सोय म्हणून खुंबोने तसे ठेवले होते. पांढरा म्हणजे औषध अजून द्यायचे आहे.

छपाईच्या आठवड्यात वीज रोज जात होती. सोमवारी खुंबोने आणखी एक पान पाठवले, फोनवरच्या निरोपात, त्याच्या भाषेत. तिने ते एकतिसाव्या पानावर बसवले. त्यात त्याने लिहिले होते, 'चौकोनावर दाबा.' ते ती नंतर नीट करणार होती. दुसऱ्या दिवशी फाइल उघडण्याच्या प्रकरणात तिला तोच जुना शब्द नऊ ठिकाणी सापडला. तिथे दुहेरी टिचकी हवी होती. तिने मशीनला सांगितले, जिथे जिथे 'दाबा' असेल तिथे तिथे 'दुहेरी टिचकी द्या' घाल. मशीनने दहा ठिकाणी घातले. दहा हा आकडा पडद्यावर आला आणि त्याच क्षणी वीज गेली.

वीज परत आली तेव्हा छापखान्याची वेळ टळत होती. छापखान्याचे जनरेटर होते, पण पाळी चारची होती आणि मागे रांग होती. एनेसने छापलेला कच्चा खर्डा मांडीवर घेतला आणि छापखान्याच्या बाकावर बसून मोठ्याने वाचला. हात मोकळा होता. माउस नव्हता. सबंध पुस्तकात शब्द एकसारखे होते. कानाला काहीच खटकले नाही.

गुरुवारी सहा प्रती खाली सरोवराकाठच्या इस्पितळात गेल्या. बाकीच्या इस्पितळांच्या प्रती बांधायच्या होत्या.

शुक्रवारी तिला जेवण गेले नाही. तिने नियम मोडला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुलूप न पाहता ती घरातून निघाली होती, असे तिला वाटत राहिले.

शनिवारी सकाळी साडेसहाला वीज आली. तिने चहा ठेवला नाही. कॉम्प्युटर लावला, पुस्तक शेजारी उघडले, हात माउसवर ठेवला आणि पान एकपासून वाचू लागली. सव्वासातला पान एकतीस आले.

"औषध दिल्यावर चौकोनावर दुहेरी टिचकी द्या," ती मोठ्याने म्हणाली. आणि हाताने तसे केले.

चौकोन हिरवा झाला. चौकोन पांढरा झाला. पडदा पुढच्या रोग्यावर गेला.

सगळे इतक्या झटकन झाले की हिरवा डोळ्याला दिसला सुद्धा नाही. तिने मागे जाऊन पाहिले. पांढरा. औषध द्यायचे आहे. तिने पुन्हा वाचले, पुन्हा केले. पांढरा.

तिने माउस सोडला नाही. सोडता येईना.

मग तिने खुंबोला फोन केला. तो धाकट्या भावाच्या लग्नाला करोंग्याला गेला होता. मागे ढोल चालू होते.

"मावशी! या ना इकडे, सगळे विचारताहेत."

"खुंबो, पान एकतीस. दुहेरी टिचकी छापलं गेलंय. चौकोनावर."

तो ढोलांपासून लांब गेला. मग तो म्हणाला, "सोमवारी बघू. तिथल्या नर्सेसना मी स्वतः शिकवलंय. त्या पुस्तक उघडतच नाहीत."

"सगळ्यांना शिकवलंस?"

"सगळ्यांना. एक नवीन आलीय गुरुवारी, तिला सोडून. पण नव्या पोरी कुठं पुस्तकं वाचतात, मावशी?"

एनेसला माहीत होते नव्या पोरी काय करतात. ती स्वतः एकदा नवी पोर होती. भ्यायलेली नवी पोर पुस्तक अक्षर न् अक्षर वाचते.

इस्पितळाचा फोन लागत नव्हता. वरिष्ठ नर्स न्यागोंडवेचा फोन बंद होता. एनेसने निळी वही पिशवीत टाकली आणि निघाली. कुलूप लावले की नाही हे तिला पुढे कधीच आठवले नाही.

सरोवराकडे जाणाऱ्या मिनिबसमध्ये चार जागा रिकाम्या होत्या. कंडक्टर टपाला टेकून उभा होता.

"निघ ना रे बाबा."

"भरली की निघू, आई."

"चार जागांचं भाडं मी देते."

"चार माणसं पोटात आहेत का, आई? की खाली नवरा पळून चाललाय?"

गाडीत हसू उसळले. वाळवलेली मासळी आणायला निघालेली एक बाई रिकामे घमेले मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पळत असेल तर पळू दे, ताई. सरोवरापर्यंत जाईल, पुढं पाणीच आहे."

एनेसने नोटा पुढे धरल्या. तिने त्या मोजल्याही नव्हत्या, हे पाहून कंडक्टरचे हसू मावळले. त्याने दार ओढले आणि गाडीवर थाप मारली.

घाट उतरताना तिने डोळे मिटून हिशेब मांडला. नवी नर्स. रात्रपाळी तिलाच मिळाली असणार. रात्री वीज नव्हती, म्हणजे कॉम्प्युटर बंद. तिने कागदावर लिहिले असेल. कागद बरा. कागदावर दुहेरी टिचकी नाही. पण साडेसहाला वीज आली. माझ्याकडे आली तेव्हाच तिच्याकडे आली. पाळी सातला संपते. अर्धा तास. अर्ध्या तासात किती औषधे?

रबराच्या बागा आल्या. झाडांना बांधलेल्या वाट्या मागे पडत होत्या. नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली आणि चालकाचा परवाना उलटा करून, सुलटा करून पाहिला.

"काका, लवकर करा," एनेस म्हणाली. पोलिसाशी ती आयुष्यात कधी आपणहून बोलली नव्हती.

"घाई आहे?"

"इस्पितळात जायचंय."

"कोण आहे तिथं?"

कोण आहे हेच तर तिला माहीत नव्हते. पोलिसाने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि परवाना परत दिला.

पोहोचायला पावणेअकरा झाले. इस्पितळाच्या दाराशी रुग्णवाहिका उभी होती, मागचे दार उघडे. मुलांच्या वॉर्डात कॉम्प्युटर खिडकीजवळ होता. त्याच्या शेजारी भिंतीवर औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा लावलेला होता. त्यावर सुबक अक्षरात पान एकतीस उतरवले होते. 'दुहेरी' या शब्दाखाली लाल रेघ होती.

एनेस त्या पुठ्ठ्यासमोर उभी राहिली. मास्तरीणबाईंची भिंत तिला आठवली. यावेळचा माणूस खरा होता.

"अगंबाई, न्यामुंथाली!" न्यागोंडवे हातातला ट्रे ठेवून आली. थकलेली होती, तरी टोमणा सुचला. "शनिवारच्या इथं? पुस्तकात टिंब राहिलं की स्वल्पविराम?"

"पुस्तकं परत न्यायला आलेय. एक शब्द चुकलाय."

"एका शब्दासाठी घाट उतरून आलात? तुमच्यासारखी बाई आम्हाला दिली असती तर निम्मे रोगी वाचले असते." ती हसली. "टेबलावर पाच आहेत. सहावं नव्या पोरीनं खोलीवर नेलंय. म्विझा हारावा. रात्रभर टॉर्च लावून वाचत होती म्हणे. हा पुठ्ठा तिचाच. हुशार पोर आहे."

एनेसने पाच प्रती पिशवीत घातल्या. आता वळून जाता आले असते. पुठ्ठा काढायचा, सहावी प्रत मागायची, चहा प्यायचा, संध्याकाळच्या गाडीने घर. कुणाला काही कळले नसते. हे तिला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसले, आणि त्याचीही तिला भीती वाटली.

"न्यागोंडवे, आज सकाळी तुम्ही पाळीवर आलात तेव्हा एखादा चौकोन पांढरा होता का? तिनं भरायला हवा होता असा?"

"एक होता. त्या लुसुंगुचा." तिने हनुवटीने कोपऱ्यातल्या खाटेकडे दाखवले. "झटके येत होते पोरीला. झटक्यांच्या औषधाचं पहिलं मोठं माप साडेसहाला द्यायचं होतं. पोर नवी, राहून गेलं असेल. मी आठला दिलं आणि हिरवा केला. का?"

एनेसने पडद्याकडे पाहिले. लुसुंगु, वय तीन. एक चौकोन, हिरवा. औषध एकदा दिले. पडदा तेच सांगत होता, आणि जन्मभर तेच सांगत राहिला असता.

कोपऱ्यातल्या खाटेजवळ इस्पितळाचे वैद्यकीय सहायक चावुला उभे होते. डॉक्टर महिन्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस वॉर्ड तेच सांभाळत. त्यांनी मुलीच्या छातीवर हात ठेवला होता.

"मलेरिया डोक्यात चढलाय," ते न्यागोंडवेला म्हणाले. "सकाळपेक्षा जास्त गुंगीत आहे. म्झुझूला हलवू या. आणि पुन्हा झटका आला तर वाटेत द्यायला त्याच औषधाची सुई बरोबर ठेव."

"देऊ नका," एनेस म्हणाली.

कुणाला ऐकू गेले नाही. तिने पुन्हा म्हटले. यावेळी सगळ्या खाटांवरच्या आयांनी माना वळवल्या.

"देऊ नका. तिला ते औषध दोनदा गेलंय."

"तुम्ही कोण?" चावुलांनी विचारले.

"हे पुस्तक मी लिहिलंय. यात चूक आहे. पुस्तकात लिहिलंय तसं केलं तर दिलेलं औषध न दिल्यासारखं दिसतं. नव्या नर्सनं दिलं असणार. पुस्तक बघून भरलं असणार. म्हणून आठला चौकोन पांढरा दिसला."

न्यागोंडवेचा हात तोंडावर गेला.

"अंदाजानं बोलू नका, बाई," चावुला म्हणाले. "असणार म्हणजे काय?"

तेव्हा खाटेपाशी जमिनीवर बसलेली लुसुंगुची आई खाली पाहत बोलली. वीस-एकवीसची होती. "दोन सुया दिल्या, साहेब. एक त्या लहान बाईंनी, उजाडल्यावर. एक या मोठ्या बाईंनी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं दुसरी वेगळी असेल. मोठ्या माणसांना काय विचारायचं?"

चावुलांनी घड्याळ काढले आणि मुलीचे श्वास मोजले. श्वास फारच कमी होते. रुग्णवाहिकेच्या चालकाला हातानेच नको म्हणाले. मग एकदम सगळे हलू लागले. न्यागोंडवेने तोंडावर धरायचा मुखवटा आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी आणली. पिशवी दाबली की हवा आत जाते. इतके साधे.

"औषध शरीरातून उतरेपर्यंत हिच्यासाठी श्वास आपण घ्यायचा," चावुला म्हणाले. "हलवायचं नाही. वाटेत कोण दाबत बसणार? न्यामुंथाली, तुम्ही इथं उभ्या राहा. मोठ्यानं मोजा. एक, दोन, तीन, दाबा. तुमच्या तोंडाकडे बघून आम्ही दाबणार. चुकायचं नाही."

चुकायचे नाही. हे तिला कुणी सांगायला हवे होते का?

"एक, दोन, तीन, दाबा."

सोडा हे वेगळे सांगावे लागत नव्हते. हात आपोआप सैल होई. पुन्हा एक, दोन, तीन, दाबा. जो शब्द तिने सात पुस्तकांतून वेचून काढला होता, तोच आता तिच्या तोंडी होता, आणि दुसरा कुठला शब्द तिथे चालला नसता. आधी न्यागोंडवेने दाबले. तिचे हात भरून आले तेव्हा म्विझा धावत आली. कुणीतरी तिला खोलीवरून उठवले होते. केस बांधलेले नव्हते, हातात सहावी प्रत होती.

"मी दिलं होतं," ती म्हणत होती. "मी दिलं होतं, ताई. मी पुस्तकात बघून भरलं. दोनदा बघितलं."

"माहीत आहे," न्यागोंडवे म्हणाली. "पिशवी धर. रड नंतर."

एनेसने मोजणे थांबवले नाही. मोजता मोजताच तिने म्विझाच्या हातातली प्रत खांद्यावरच्या पिशवीत टाकली. म्विझाकडे पाहायची तिची हिंमत होत नव्हती. तिने खालच्या त्या लहान छातीकडे पाहिले. तिच्या शब्दावर ती वर येत होती. शब्द उशिरा आला तर छाती उशिरा येई. आयुष्यभर जी भीती ती पोटात घेऊन फिरली होती, ती आता बाहेर येऊन खाटेवर निजली होती आणि तिला तीन वर्षांचे अंग होते.

बारा वाजले. एक वाजला. कुणीतरी एनेसच्या ओठांना पाण्याचा पेला लावला. तिने दोन आकड्यांच्या मध्ये घोट घेतला. दुसऱ्या खाटांवरच्या आया आपापल्या पोरांना मांडीवर घेऊन बघत होत्या. बाहेर कुणीतरी मक्याच्या पिठाच्या सिमासाठी पाणी उकळत ठेवले होते, त्याखालच्या ओल्या लाकडांचा धूर आत येत होता. तिचा आवाज बसला. मग कुजबुजीइतका उरला. म्विझा तिच्या ओठांकडे पाहून दाबत राहिली.

अडीचच्या सुमाराला चावुलांनी हात वर केला. "थांबा."

एनेस थांबली. कुणीच काही केले नाही. छाती स्थिर होती. एक. दोन. तीन. एनेसने शब्द दातांत धरून ठेवला.

छाती आपली आपण वर आली.

खाली गेली. पुन्हा आली.

"आणखी थोडा वेळ मदत करा," चावुला म्हणाले. "मध्ये मध्ये."

चारला लुसुंगुने डोळे न उघडता तोंड वाकडे केले आणि रडली. बारीक, किरकिरे रडणे. सुई टोचलेल्या मांडीला हात लावून रडली. न्यागोंडवे भिंतीला टेकून खाली बसली.

एनेस लुसुंगुच्या आईपुढे गेली आणि गुडघे टेकून बसली. तिथे लहान माणूस मोठ्यापुढे गुडघे टेकतो. मोठे माणूस लहानापुढे टेकत नाही. वॉर्ड बघत राहिला.

"चूक माझी आहे," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "त्या पोरीची नाही. मोठ्या बाईंची नाही. मी न तपासता छापायला दिलं."

लुसुंगुच्या आईने तिच्याकडे पाहिले. क्षमा केली असे ती म्हणाली नाही. "उठा, आई," ती म्हणाली. "बायका बघताहेत." मग हळूच विचारले, "ते पुस्तक आणखी कुठं कुठं गेलंय?"

"सहाच. सहाही माझ्या पिशवीत आहेत."

"मोजून बघा."

एनेसने पिशवी उघडली आणि तिच्यासमोर मोजली. सहा.

म्विझाने भिंतीवरचा पुठ्ठा काढला होता. तो हातात धरून ती कॉम्प्युटरपाशी उभी होती. पाचच्या औषधांची वेळ झाली होती आणि तिला माउसला हात लावायचा धीर होत नव्हता.

"मी काय लिहू, आई? मला परत लिहून द्या."

"आधी लिहायचं नाही. आधी करायचं." एनेस तिच्या शेजारी बसली. "औषध देऊन ये. मग इथं बस."

म्विझाने पहिल्या खाटेवरच्या मुलाला गोळी दिली, पाणी पाजले, परत आली. हात माउसवर ठेवला. एनेसने आपला हात मांडीखाली दाबून धरला.

"चौकोनावर एक टिचकी द्या," एनेस मोठ्याने म्हणाली.

म्विझाने दिली. चौकोन हिरवा झाला. पडदा पुढे सरकला. बोट हवेतच राहिले, सवयीने खाली येऊ पाहणारे. म्विझाने ते दुसऱ्या हाताने धरून मागे घेतले.

"आता म्हण, दिलं."

"कुणाला म्हणू?"

"सगळ्यांना. ऐकू जाईल असं. मी भाजीत मीठ घातल्यावर म्हणते."

म्विझा वॉर्डाकडे वळली. "दिलं," ती म्हणाली. ते पहिल्या खाटेपलीकडे गेले नाही. ती पुन्हा म्हणाली. "दिलं!"

त्या मुलाच्या आईने मान हलवली आणि म्हणाली, "हो. दिलं. बघितलं मी." पुढच्या खाटेवर तिने पुन्हा म्हटले, आणि त्या आईनेही म्हटले. तिसऱ्या खाटेपर्यंत आया तिच्याआधीच म्हणू लागल्या.

कोपऱ्यातली खाट शेवटची होती. तिथे तापाचे औषध होते. म्विझाने चमच्याने दिले, परत येऊन एक टिचकी दिली, हात मागे घेतला.

"दिलं," लुसुंगुची आई सगळ्यांत मोठ्याने म्हणाली. म्विझाकडे नाही, पडद्याकडेही नाही. ती एनेसकडे बघत होती, आणि एनेसने मान हलवेपर्यंत तिने नजर काढली नाही.